पब्लिकला गायला लावायचंय? आधी पट्टी उतरवा

गॅदरिंगच्या स्टेजवरचं हे दृश्य जालन्यापासून लातूरपर्यंत सारखंच. गायक ऐन रंगात माइक पब्लिककडं करतो, पहिल्या रांगेतले चार मित्र ओरडतात, बाकी मैदान गप्प. "आवाज येत नाही!" म्हणून तो पुन्हा माइक फिरवतो, पुन्हा तेच चार मित्र. खाली उतरल्यावर बँडचा निष्कर्ष ठरलेला असतो: आपल्याकडचं पब्लिक थंड आहे.

हेच पब्लिक गणपतीच्या आरतीला कुणी न सांगता गातं. दिंडीत गजर धरतं, तुळजापुरात 'आई राजा उदो उदो' एका दमात उचलतं, खुलताबादच्या उरुसात कव्वालीच्या ठेक्यावर टाळी धरतं, १४ एप्रिलच्या भीमगीतांना तर कोरसच्या आधीच कोरस म्हणतं. गायला लाजणारी ही माणसं नव्हेत. रॉक बँडपुढं ती गप्प राहतात त्याची कारणं बहुतेक वेळा स्टेजवरच सापडतात: ओळ लांब, पट्टी उंच, गायला मोकळी जागा नाही, आणि आवाज एवढा की शेजारचा गातोय का तेही कळत नाही. चारही गोष्टी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दुरुस्त करता येतात.

ओळ कोणती द्यायची

पब्लिकला अख्खं गाणं द्यायचं नसतं, एक ध्रुपद द्यायचं असतं. नाथांच्या भारुडाचं ध्रुपद बघा: आखूड, बोलीतलं, दर कडव्यानंतर परत येणारं. तेच माप इथं लावा. ओळ आठ मात्रांत, म्हणजे चार-चारच्या दोन बारमध्ये बसली पाहिजे. १०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत, आठ मात्रा पाच सेकंदांच्या आत संपतात. गाण्याची सवय नसलेला माणूस एका दमात आरामात एवढंच गातो. त्याहून लांब ओळ दिली की मध्येच निम्म्यांचा दम तुटतो, प्रत्येकाचा वेगळ्या ठिकाणी, आणि ओळीची चिंधी होते.

शब्दांच्या शेवटी मोकळे स्वर हवेत: आ, ओ, ए. समजा ओळ आहे, 'आलो रे, आलो रे, गाव सोडून आलो रे'. 'लो' आणि 'रे' हवे तेवढे ताणता येतात आणि तोंड आपोआप उघडतं. आता 'स्वप्नांच्या क्षितिजावर अस्तित्वाचा शोध' ही ओळ दोन हजार माणसांकडून म्हणवून बघा. जोडाक्षरं प्रत्येकाच्या तोंडून वेगवेगळ्या वेळी फुटतात आणि ऐकू येते ती फक्त खसखस. अशी ओळ कडव्यात ठेवा, कवी नाराज होणार नाही.

ओळ समेवर, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर सुरू झालेली बरी. रॉकमध्ये शब्द मात्रेच्या जरा आधी टाकायची सवय असते. एकट्या गायकाला ते शोभतं, पण गर्दी ते वळण सरळ करून टाकते. तुम्ही एक म्हणता, पब्लिक दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात. म्हणून पब्लिकसाठीची ओळ आधीच सरळ लिहा, आणि हरकती, मुरक्या पब्लिक गात असताना वर टाकायला राखून ठेवा.

चालीत पाचच स्वर वापरले तर चुकीला जागा कमी राहते. भूपासारखे सा रे ग प ध घ्या. म आणि नी नसल्यानं शेजारी-शेजारी अर्ध्या स्वराचं अंतर कुठंच येत नाही, त्यामुळं कुणी एक स्वर इकडं-तिकडं सरकला तरी कानाला टोचत नाही. अमेरिकी गायक बॉबी मॅकफेरिननं २००९ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हलमध्ये नुसत्या उड्या मारून सभागृहाकडून हेच पाच स्वर गाऊन घेतले होते. स्टेजवरची एक जागा म्हणजे एक स्वर, एवढंच त्यानं दाखवलं. पुढच्या जागा लोकांनी स्वतःच ओळखल्या.

शब्द नसले तरी चालतं. १३ जुलै १९८५ ला वेम्बली स्टेडियममध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीनं नुसत्या 'ए-ओ'वर सगळं मैदान खेळवलं. त्याचा क्रम शिकण्यासारखा आहे. पहिली हाक अगदी सोपी, मग हळूहळू अवघड, आणि लोकांना जमणार नाही अशी एखादी सर्वांत शेवटी, हसण्यापुरती. आपल्याकडचे बँड अवघडापासून सुरुवात करतात.

पट्टी

गायकाला जी पट्टी 'भारी वाटते' ती पब्लिकसाठी जवळजवळ नेहमीच उंच असते. न शिकलेला पुरुषाचा आवाज साधारण सी३ ते डी४ एवढ्या पट्ट्यात सुखानं फिरतो, बाईचा सी४ ते डी५ (अक्षर स्वराचं, आकडा सप्तकाचा). दोघांमध्ये बरोबर एका सप्तकाचं अंतर आहे, म्हणून मिश्र गर्दी तीच ओळ दोन सप्तकांत सहज गाते. ओळीचा सर्वांत उंच स्वर डी, म्हणजे पेटीवरची वरची पांढरी २. त्याच्या वर गेलात की पोरं आधी ओरडतात, मग गप्प बसतात.

ओळीचा उंच स्वर एफ४ येत असेल तर अख्खं गाणं तीन अर्धस्वर खाली घ्या. ई मधलं गाणं काळी १ मध्ये येईल. गिटारवाल्यानं तीन अर्धस्वर तारा सैल करू नयेत, त्या फडफडतात आणि बेसुऱ्या होतात. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून डी च्या कॉर्ड धरल्या की काळी १ च मिळते. कीबोर्डवाल्याला पट्टी बदलणारं ट्रान्सपोझचं बटण पुरतं, मात्र पुढच्या गाण्याला ते शून्यावर आणायची आठवण सेटलिस्टवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. स्टेजवरचे सर्वांत लाजिरवाणे अपघात त्या एका बटणानं घडवलेले आहेत.

ओळ ए४ पर्यंत जात असेल आणि गाणं खाली आणणं शक्य नसेल, तर पब्लिकची ओळ आली की गायकानं स्वतः खालच्या सप्तकात उतरावं. पोरं गायकाचा स्वर जसाच्या तसा पकडायला बघतात, तो खाली आला की त्यांचीही सोय होते. गायिका असेल तर उलटी अडचण येते. तिची ओळ ए३ च्या आसपास खालीच फिरत असेल, तर पुरुषांना एक सप्तक खाली नुसतं पुटपुटावं लागतं. अशी ओळ वर घ्या.

चाचणी फुकट आहे. कधीच न गाणारे चार-पाच जण मेसमध्ये किंवा चहाच्या टपरीवर गाठा. वाद्याशिवाय ओळ दोनदा म्हणा. तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून आपसूक निघाली तर ओळ पास. नाही निघाली तर ओळ बदला, मित्र बदलू नका.

कधी द्यायची आणि कशी

पहिल्या गाण्यात नको. तेव्हा साउंडवाल्याचा आवाज बसलेला नसतो आणि निम्मे लोक गाड्या लावत असतात. तिसरं किंवा चौथं गाणं बरं. ओळ मात्र त्याच गाण्यात आधी दोनदा तरी लोकांच्या कानावरून गेलेली हवी. सुरुवातीलाच, पहिल्या अर्ध्या मिनिटात एकदा, आणि पहिल्या कडव्यानंतर एकदा.

मग जागा करा. गिटार आणि कीबोर्ड थांबतील, किक ड्रम आणि टाळी चालू राहील. गायक ओळ एकदा स्वच्छ म्हणेल, पुढच्या दोन बार पब्लिकच्या. या दोन बारमध्ये स्टेजवरून कुणीही गायचं नाही. बॅकिंग व्होकलवाल्याला हे तालमीतच दोनदा बजावा, कारण हात शिवशिवतात तसे गळेही शिवशिवतात. सराव करताना या रिकाम्या बार खरोखर रिकाम्या वाजवा. तालमीत त्या गाळल्या तर स्टेजवर ड्रमर घाबरून तिथं रोल भरतो आणि पब्लिकचा आवाज त्याखाली जातो.

इशारा वेळेच्या आधी द्यायचा असतो. कीर्तनकार ध्रुपदाचा पहिला शब्द उचलून सोडून देतो आणि टाळकरी पुढचं धरतात. कव्वालीत हमनवा, म्हणजे साथीचे गायक, असंच पुढचं धरतात, पोवाड्यात झीलकरी. तुमचा 'चला!' आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेवर पडला पाहिजे, ओळीचा पहिला शब्द त्यालाच चिकटून. समेनंतर 'आता तुम्ही' म्हणालात तर लोकांनी गायची पहिली मात्रा तुम्हीच खाल्ली. सोबत हात वर करून खाली आणा. मागच्या रांगेला आवाज उशिरा पोचतो, हात लगेच दिसतो.

पहिल्या वेळी प्रतिसाद बारीकच येतो. त्यावर रागावू नका, थट्टा करू नका, 'जेवून आला नाहीत का' हा विनोद तर मुळीच नको. मान डोलवा आणि तीच ओळ पुन्हा द्या. दुसऱ्या वेळी बरा येतो, तिसऱ्या वेळी मैदान उचलतं. चौथ्यानंतर उतरण लागते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळीच सगळी वाद्यं एकदम आत आणा. बँड या क्षणी हमखास लोभी होतात आणि आठ-आठ वेळा तेच म्हणवून घेतात.

गर्दी वाटायची असेल तर मधल्या वाटेची डावी बाजू, उजवी बाजू अशी वाटा. मुलं विरुद्ध मुली ही वाटणी गॅदरिंगमध्ये लोकप्रिय आहे, पण त्यातून शेरेबाजी सुरू होते आणि मुली गायच्या थांबतात. खरं तर सुरुवात मागून करावी: "मागं आवाज येऊलालाय का? मग पहिलं तुम्ही!" पुढचे कसेही गाणारच असतात. मागून लाट आली की मधले आपोआप धरतात.

मध्येच स्वर घसरतो तेव्हा

वाद्यं थांबल्यावर गर्दी स्वतःच्या पट्टीत जाते. चार आवर्तनांत अर्धा-एक स्वर उतरणं नेहमीचं आहे. मग गिटार मूळ पट्टीत आत येते आणि दोन पट्ट्यांची टक्कर होते, जी शेवटच्या रांगेलाही कळते. उपाय साधा आहे: कीबोर्डवर षड्ज-पंचमाचा एक बारीक पॅड, म्हणजे सलग सूर, सतत धरून ठेवा, तंबोरा धरतात तसा. लोकांना तो ऐकू आल्याचं भानही राहत नाही, पण स्वर टिकतो. कीबोर्ड नसेल तर बेस गिटारवाल्यानं दर समेवर 'सा' ठेवावा.

आवाजाचा उशीर

या भागाकडं कुणी लक्ष देत नाही, आणि मोठ्या मैदानात गाणं इथंच फिसकटतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, हवा ३५ अंशांच्या आसपास असताना, आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ५० मीटरवरच्या माणसाला तुमची सम ०.१४ सेकंद उशिरा ऐकू येते. तो त्याच्या हिशेबानं अगदी बरोबर गातो, आणि त्याचं गाणं परत स्टेजवर यायला आणखी ०.१४. एकूण ०.२८ सेकंद. १२० बीपीएमला एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मागची गर्दी स्टेजवर अर्ध्या मात्रेहून जास्त मागं पडलेली ऐकू येते, कुणाचीही चूक नसताना.

ड्रमर त्या आवाजाच्या मागं गेला की लय मंदावते. लय मंदावली की पब्लिक आणखी मागं. चार बारमध्ये गाणं चिखलात रुततं. म्हणून नियम: स्टेजनं पब्लिकला ऐकायचं, पण पब्लिकच्या मागं जायचं नाही. ड्रमरच्या कानात क्लिक द्या. मोबाइलवरचा मेट्रोनोम आणि साधा वायरचा इअरफोन एवढ्यावरही भागतं. गायकानं ड्रमरच्या हाताकडं बघून गावं.

मैदान ४० मीटरहून खोल असेल तर मध्ये डिले स्पीकर, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणारे स्पीकर लागतात. मुख्य स्पीकरपासून ४० मीटरवर जोडी उभी केली तर डिले लावायचा ४० भागिले ३५०, म्हणजे ११४ मिलिसेकंद, आणि वर १०-१५ मिलिसेकंद जास्त. तेवढ्या जास्तीमुळं कानाला आवाज स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो. डिले न लावता नुसते स्पीकर मागं ठेवले तर तिथल्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अशा जागी कुणी गात नाही, गाऊ शकतच नाही.

साउंडवाल्याशी आधीच बोला

आपल्या भागातले बरेच सेट डीजेसाठी बांधलेले असतात. बेस भरपूर, शब्दांचा पत्ता नाही. ऑर्केस्ट्राच्या सवयीनं माइकवर इको कायम चालू. ओळ शिकवताना इको पूर्ण बंद करायला सांगा, नाहीतर 'आलो रे'चे तीन 'रे' ऐकू येतात आणि कुठल्या 'रे'नंतर गायचं ते कळत नाही. गायकाच्या आवाजातला २ ते ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे शब्द स्पष्ट करणारा भाग थोडा वर, गिटारचा तोच भाग थोडा खाली. पब्लिकच्या बार आल्या की मुख्य आवाज ६ डेसिबलनं उतरवायचा. माणूस गातो ते शेजारचा गाताना ऐकू आला म्हणून. छाती हादरवणाऱ्या आवाजात त्याला स्वतःचाही गळा ऐकू येत नाही, तो तोंड उघडून पुन्हा मिटतो. साउंडवाल्याला कागदावर गाण्याचं नाव, मिनिट आणि 'इथं खाली' एवढं लिहून द्या. ऐनवेळी केलेले हातवारे त्याला 'वाढव' असेच वाटतात.

माइक पब्लिककडं करणं हा फक्त इशारा आहे. त्या माइकमध्ये गर्दी येत नाही, समोरच्या स्पीकरची शिट्टी येते. तो हात वर गेला की साउंडवाल्यानं त्या माइकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यावा. गर्दीचा आवाज बँडच्या कानात किंवा रेकॉर्डिंगमध्ये हवा असेल तर स्टेजच्या दोन कोपऱ्यांत दोन कंडेन्सर माइक पब्लिककडं तोंड करून लावा. ते बाहेरच्या स्पीकरला कधीही जोडायचे नाहीत.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज घुमत राहतो, तिथं ८०-९० बीपीएमचीच ओळ चालते. कापडी मंडपात उलट आवाज मरतो, तिथं टाळी जास्त कामाची. उघड्या मैदानात वारा स्टेजकडून पब्लिककडं वाहील अशी बाजू मिळाली तर बरी.

टाळ्या

रॉकची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. भजन आणि केरव्यावर वाढलेलं पब्लिक समेवर टाळी देतं. भांडू नका. टाळी पहिल्या-तिसऱ्यावर पडली म्हणून गाणं बिघडत नाही, बिघडतं ते ती पळायला लागल्यावर. टाळी देणारी गर्दी नेहमी पुढं पळते आणि गाणारी मागं पडते, म्हणून दोन्ही एकाच वेळी मागू नका. फारच खटकलं तर अमेरिकी पियानोवादक-गायक हॅरी कॉनिक ज्युनियरची युक्ती आहे: पियानोवर एक मात्रा जास्तीची टाकून त्यानं पब्लिकची टाळी त्यांच्या नकळत दुसऱ्या-चौथ्यावर आणून ठेवली. तालमीशिवाय हे करू नका, आधी तुमचाच बेसवाला हरवेल. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याला १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधलं पब्लिक कार्यक्रमानंतर आपणहून गाताना ऐकून दोन थापा आणि एक टाळी एवढाच ठेका सुचला. त्यात पायाच्या थापा आहेत. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर उभ्या असलेल्या पोरांकडून थापा मागू नका. लाकडी फळ्यांच्या गॅलरीतही नको.

शब्द पडद्यावर दाखवणार असाल तर एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ गायच्या एक बार आधी दिसली पाहिजे. अक्षराची उंची दर ३ मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर धरा. ३० मीटरला २५ सेंटिमीटर. वरखालच्या मात्रा-उकारांसाठी दोन ओळींत भरपूर जागा सोडा. आणि ओळ आठच मात्रांची असेल तर पडद्याची गरज का पडतेय, हाही विचार करा.

दहा वाजतात तेव्हा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट असते, पण तुमची तारीख त्यात आहे का ते आयोजकांकडून लेखी बघून घ्या. सेटलिस्ट उलटी आखा: सर्वांत मोठं गाऊन घेण्याचं गाणं ९:३० ला. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ आणि 'दोन शब्द' यांत पाऊण तास जाणार हे धरूनच चला. वेळ कमी पडला तर गिटारचा सोलो कापा, ती ओळ कापू नका. तिकीट लावून दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क-संस्थेच्या परवान्याचं आयोजकांना आधीच विचारा.

गर्दी तापलेली असताना 'पुढं या' कधीही म्हणू नका. पुढच्या बॅरिकेडला दाब बसतो, आणि दबलेल्या छातीनं कुणी गात नाही. कुणी खाली पडलेलं दिसलं तर गाणं तिथंच थांबवा, लाइट पब्लिकवर घ्यायला सांगा, दोन पावलं मागं व्हायला सांगा.

आणि लाइट जाणार. ती गेली की गिटार, कीबोर्ड, माइक सगळं मेलं, पण ड्रमला वीज लागत नाही. हा प्रसंगही तालमीत बसवा. ड्रमर थांबत नाही, किक आणि स्नेअर चालू ठेवतो, बाकीचे स्टेजच्या कडेला येऊन डोक्यावर टाळ्या धरतात, गायक उघड्या आवाजात ओळीचा पहिला शब्द फेकतो. मघाशी तीनदा गाऊन घेतलेली ओळ आता लोकांच्या तोंडी असते, ते सोडत नाहीत. जनरेटर सुरू झाला की साउंडवाल्यानं आधी मिक्सर, मग अ‍ॅम्प्लिफायर या क्रमानं चालू करावं, सगळे चॅनल म्यूट ठेवून. नाहीतर जो धमाका होतो त्यात स्पीकर जातो आणि गाणंही. मग पॅड, मग बेस, मग गिटार, एकेक करून आत. पब्लिक खाली सरकलेल्या पट्टीत गात असेल तर कीबोर्डवाल्यानं ती आधी कानानं शोधून ट्रान्सपोझ त्यावर लावावं आणि बेसवाल्याला बोटानं दाखवावं. या एका वेळी बँडनं पब्लिकच्या पट्टीत जायचं.